घर सहाशे फूट वर

आमचं घर समुद्राच्या तळाशी आहे.
अगदी शब्दशः.
माझ्या लहानपणी इथे लोक वाम पकडायचे.
मग बांध घातला, पंप लावले, समुद्र उपसला,
आणि खालून निघाली काळी माती, शिंपले,
एखादं लाकडी गलबत,
आणि विमानं.

कुणाचा नांगर अडला की डौवेला फोन येतो.
जेवण अर्धं टाकून निघतो तो,
बादली, मऊ ब्रश आणि माझी पिठाची चाळण घेऊन.
चाळण मला परत मिळालेली नाही.
मोठे तुकडे सरकारी माणसं नेतात, हाडं असली तर तीही.
उरलंसुरलं विचारत विचारत आमच्या शेडमध्ये येतं:
बिस्किटासारखा तुटणारा ऑक्सिजन मास्क,
उत्तर विसरलेलं होकायंत्र,
चामड्याचे तीन हातमोजे, तिन्ही डाव्या हाताचे.
‘‘उजवे हात कुठे गुंतले होते यांचे?’’
मी एकदा गमतीने विचारलं.
डौवे हसला नाही.

रेडियमच्या तबकड्या घरात आणायच्या नाहीत,
एवढ्या एका अटीवर आमचं लग्न टिकलंय.
त्यांची चमक कधीच विझली.
विष मात्र ताजं आहे म्हणतात, अजून शेकडो वर्षं.

एक उंचीमापक तेवढा स्वयंपाकघरात आहे,
साध्या पांढऱ्या आकड्यांचा.
तीन हिवाळे खर्चून डौवेने तो चालता केला.
निरभ्र दिवशी काटा शून्याच्या खाली उतरतो.
खरं बोलतो बिचारा.
पण पश्चिमेकडून वादळ निघालं, हवेचा दाब पडला,
की त्याला वाटतं आपण चढतोय.
शंभर. तीनशे. सहाशे फूट.
मी कांदा चिरत असते
आणि घर वर चाललेलं असतं,
भांड्यांसकट, मांजरासकट.
मी ओरडते, ‘‘डौवे, कपडे आत घे, आपण उडालो!’’

गेल्या ऑक्टोबरात लेनोर आली, कॅनडातून,
दोन विमानं, एक बस आणि दुखरा गुडघा घेऊन.
एका बुटाच्या अस्तरावर शाईने लिहिलेलं होतं:
स्ट्रॉम, डब्ल्यू.
वेंडेल. तिच्या आईचा धाकटा भाऊ.
गव्हाच्या मुलखातला पोरगा,
समुद्र त्याने वरूनच जास्त पाहिला असणार.

डौवेने बूट समजावला,
शाळेच्या मुलांना समजावतो तसा:
वरचा भाग लोकरीचा, आभाळातल्या थंडीसाठी.
आतल्या कप्प्यात छोटा चाकू.
शत्रूच्या प्रदेशात उतरलात तर या शिवणीवरून कापायचं,
खाली उरतो साधा काळा बूट,
गावातल्या कुणाच्याही पायात शोभेल असा.
मग चालू पडायचं, घराकडे.

बोलता बोलता तो थांबला.
चाळीस वर्षं त्याने हे असंच सांगितलं होतं.
लेनोरचा अंगठा शिवणीवरून फिरत होता,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
एक टाका उसवलेला नव्हता.
चाकू कप्प्यातच होता.

मी कॉफी ठेवली. दुसरं काय करणार.

बूट नको म्हणाली ती, एकट्या बुटाचं काय करू.
मग खोक्यातली शिट्टी उचलली.
‘‘ही कॉलरला लावायचे,’’ डौवे हळूच म्हणाला,
‘‘पाण्यात पडलं तर वाजवायला.’’

ती मागच्या दाराने बिटाच्या शेतात गेली,
समुद्र होता तिथे मधोमध उभी राहिली
आणि जीव खाऊन फुंकली.
टिटव्या उडाल्या.
पार पलीकडे सित्सेचा ट्रॅक्टर थांबला.
इंजिन बंद झालं.
तो उतरला, हात उंचावला,
आणि चिखल तुडवत
आमच्याकडे यायला लागला,
कुणाला काय झालं ते बघायला.