साठ किलो वाळू

भाऊ म्हणाला, पुढच्या चाकांची घे,
बर्फातून निमूट ओढून नेते.
मी म्हटलं, ओढून नेणारे पुष्कळ झाले,
मला मागून ढकलणारी हवी.
रास्मुस हसला. त्याची गाडी नवी आहे,
हप्ते अजून चार वर्षं.

माझ्याकडे चौदाशे युरो.
लाकडाच्या गिरणीत रात्रपाळीचं कँटीन,
बोटांना कायम कांद्याचा वास,
आणि घरापासून गिरणीपर्यंत एकतीस किलोमीटर,
वाटेत दिवा एकच, तोही कुणाच्या गोठ्याचा.

स्वस्त, भरवशाची, चालवताना मजा येणारी.
गॅरेजवाला पेन्ती म्हणतो, यातल्या दोन माग.
तिन्ही मागितल्यास
तर देव सायकल देईल.

पहिली पाहिली ती बीएमडब्ल्यू, कायानीच्या एका पोराची.
दाराखालच्या पत्र्याला लोहचुंबक लावला,
तो पडला.
पोरगा म्हणाला, चुंबक खराब असेल.
दुसरी मर्सिडीज, जुनी टॅक्सी,
मीटरवरचा आकडा इतका लहान
की ती उभ्या उभ्याच म्हातारी झाली असावी.

तिसरी उर्होची.
तपकिरी व्होल्वो, पट्टी धरून काढल्यासारखी,
वळण म्हणून कुठे नाहीच.
फोनवर सांगितलं होतं, मी येईपर्यंत इंजिन गार राहू दे.
उणे चोवीस. टपावरचं बर्फही त्याने झाडलं नव्हतं.
तिसऱ्या फिरकीला घसा खाकरून ती बोलली,
आणि मग बोलतच राहिली.
मी गालिचा उचलून पाहिला, तेलाची कांडी पुसून पाहिली,
पाठीवर पडून खालचा गंज नखाने खरवडला.
"रिव्हर्स टाकला की खालून टक् होतं," तो आपणहून म्हणाला.
"शाफ्टचं. अकरा वर्षं होतंय.
खुर्चीतून उठताना मीही करतो."

डिकीत दोन गोण्या. फुलाफुलांच्या पडद्याच्या कापडाच्या,
हाताने शिवलेल्या. आत वाळू.
मागची चाकं हलकी पडतात, हे मला माहीत होतं.
"किती?"
"साठ किलो."
"जास्त नाही?"
तो हातमोजे शोधू लागला. ते हातातच होते.
लेम्पी पुढे बसायचीच नाही, म्हणाला.
पुढे बसली की नसलेला ब्रेक दाबायची.
बत्तीस वर्षं मागे, उजवीकडे, विणकाम घेऊन.
पकड चांगली होती.
ती गेली त्या वर्षी पहिल्याच बर्फात
चर्चच्या वळणावर शेपूट सुटलं.
मग काटा आणला आणि मोजून भरली.

तळं गोठलेलं, वर नांगरल्यासारख्या टायरच्या रेघा.
त्याने गोण्या उतरवून ओसरीत ठेवल्या
आणि स्वतःच मागे जाऊन बसला, उजवीकडे.
"चौऱ्याहत्तर भर. आता दाब."
मी दाबलं.
मागचं अंग नाचत बाहेर गेलं,
क्षितिज खिडकीतून आडवं धावलं,
स्टिअरिंग उलट दिलं तशी ती हळूच परत आली,
रुसून माघारी फिरलेल्या म्हशीसारखी.
मागून आवाज आला, "आणखी एकदा!"
मी नऊ वेळा केलं.
शेवटी मला पोटात ढवळलं, त्याला नाही.

सोळाशे म्हणत होता. चौदाशेला दिली.
किल्ली दिली, तेल बदलल्याच्या तारखांची चौकड्यांची वही दिली,
पण वाळू नाही दिली.
"ती विकायची नाही."

रात्री चाळीसच्या वर गेले नाही.
तरी चर्चच्या वळणावर ती थोडी सुटलीच,
मी धरली.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या कोठारातून
कांद्याची दोन पोती उसनी घेतली, पंचवीस-पंचवीसची.
आता पूर्ण गाडीला माझ्या बोटांचा वास येतो.
रास्मुस काच खाली करतो, उणे वीसमध्ये.
त्याला म्हटलं, तक्रार करायची तर मागे बसून कर,
दहा किलो अजून कमी पडतात.