शून्यावर

शापोऱ्याच्या जेटीला लागून बर्फाचा कारखाना होता,
तिथे मी अकरा वर्षं रात्रपाळी केली.
दारातच अमोनिया नाकात शिरायचा,
डोळ्यांतून घळाघळा पाणी,
आणि इनास हसायचा : "संवय जातली रे."
झाली.

मांद्र्याच्या शाळेत मी सातवीपर्यंत शिकलेलो.
स्थायू, द्रव, वायू. तीन चौकोन,
चौकोनांत ठिपके :
दाटीवाटीने, मग सैल, मग पांगलेले.
इनासला शाळा माहीत नव्हती.
तो नळीला पालथा हात लावून सांगायचा,
इथे वारा आहे,
इथे त्याचं पाणी झालं,
आणि इथे, टाकीच्या पोटात,
पुन्हा वारा होताना
तो सगळ्यांची ऊब मागून घेतो.
दाबलं की तापतं, सोडलं की निवतं,
माणसाचंही तसंच,
असलं काही तो म्हणायचा नाही.
म्हणायचा : झडप अर्धा आटा फिरव.

टाकीत मिठाचं पाणी, शून्याच्या दहा खाली,
तरी वाहतं.
त्यात गोड्या पाण्याचे डबे गळ्यापर्यंत उभे.
लादी कडेकडून गोठत आत सरकते,
हवा ढकलत नेते मधोमध,
म्हणून काठ काचेसारखे
आणि पोटात पांढरं धुकं अडकलेलं.
"उदकाची घाय करपाची न्हय,"
एवढं एक तत्त्वज्ञान त्याच्याकडे होतं,
तेही मालक घाई करू लागला की.

पावसानंतरच्या पहिल्या हंगामात, ऑगस्टात,
इनास झोपेत गेला.
मुलगा आन्सेल्म तारवटी. जहाज डर्बनला.
तीन दिवस लागतील, कंपनीने कळवलं.
शिवोलीच्या त्या घरात तीन दिवस
मी रिक्षा टेम्पोतून लाद्या नेल्या,
गोणपाटात, भाताच्या तुसात गुंडाळून.
त्यानेच भरलेले डबे होते,
शनिवारचे.

बाकावर तो, बाकाखाली बर्फ,
बर्फाखाली तांब्याचं घंगाळ.
उशाशी मेणबत्त्या
ओघळत होत्या नि ओघळताच थिजत होत्या.
आमच्या घरी आरतीचा कापूर
मधली पायरी गाळूनच वर जातो.
बर्फाला ती सोय नाही.

पिदाद रडली नाही.
पाद्रीला खुर्ची दिली, शेजारणींना चहा,
घंगाळ भरलं की उचलून
मिरच्यांच्या रोपांना घालून यायची,
आणि यायची ती थेट माझ्याकडे :
"आनीक कितलो उरला?"

टाकीचा थर्मामीटर चुकून माझ्या खिशात आला होता.
दुसऱ्या रात्री, दुसरं काही सुचेना म्हणून,
मी तो घंगाळात सोडला.
शून्य.
तासाने, शून्य.
बाहेर भिंती घामेजलेल्या, माणसं वारा घेत होती,
एवढी ऊब त्या घरात शिरत होती, शिरतच होती,
आणि पारा तिथेच.
तेव्हा गुरुजींचं वाक्य आठवलं :
वितळत असताना तापमान वाढत नाही.
उष्णता जाते कुठे, मी विचारलं होतं.
सुटण्यात जाते, ते म्हणाले होते. बस खाली.

आन्सेल्म तिसऱ्या दिवशी दुपारी आला,
दाबोळीहून थेट, गळ्यात अजून जहाजाचं ओळखपत्र.
बापाच्या कपाळाला हात लावला
आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.
चारला चर्चची घंटा. पाचला माती.

संध्याकाळी परतलो तर बाक रिकामा,
घंगाळात तुकडा, साबणाच्या वडीएवढा.
पिदाद समोर बसली. मी उभा.
वडी, मग नख, मग काहीच नाही.
पाणी पाण्यासारखं दिसू लागलं.
मी वाकून पाहिलं : एक.
थोड्या वेळाने, दीड.
माझ्यामागून तिचा आवाज फुटला,
आणि मी पारा वाचतच राहिलो,
कारण मागे वळायचं धैर्य नव्हतं.

रात्री दहाला पाळीवर गेलो.
चार वाजता ट्रॉलर सुटणार होते,
दोनशे लाद्या हव्या होत्या.
नळीला पालथा हात लावला.
इथे वारा.
इथे पाणी.
पुढचं मला अजून
नीट कळत नव्हतं.
झडप अर्धा आटा फिरवली.