ओला

पहिल्याच तासाला ढाके सर म्हणाले,
ह लिहायचा, उच्चारायचा नाही.
नमस्कार म्हणजे ओला.
एप्रिलचा दुसरा आठवडा, जळगाव, पारा चव्वेचाळीस,
खिडकीतला कूलर नुसताच आवाज करतो
आणि आम्ही सात जण एकमेकांना
ओला, ओला म्हणत बसलेलो.
मागून मुबारक तडवी म्हणाला,
सर, इथं फक्त शर्ट ओला.

पाण्याला आग्वा.
हा शब्द कुणाला पाठ करावा लागला नाही.
दुपारी होस्टेलच्या नळाखाली हात धरला
की त्यातला पहिला अर्धा खरा ठरतो.

सर अकरा वर्षं जहाजावर, इंजिनात.
मूळचे भुसावळचे, वडील लोको शेडला.
त्यांचं स्पॅनिश ग्वायाकिलच्या धक्क्यावरचं,
केळ्यांची खोकी चढताना कानावर पडलेलं,
त्यामुळे त्यात शिव्या आधी आल्या, व्याकरण नंतर.
शिव्या ते शिकवत नाहीत.
विचारलं तर खडू बदलतात.

मी अडावदची. घरी शे, शाळेत आहे.
पाचवीला जळगावात आले,
'माझी आई घरी शे' म्हणाले
आणि वर्ग बाकं बडवून हसला.
तेव्हापासून तोंड उघडण्याआधी
एक गिळायचा, दुसरा काढायचा.

परवा सर म्हणाले, या भाषेत 'आहे' दोन आहेत.
एक कायमचं, एक तेवढ्यापुरतं.
मी बाई आहे, हे वेगळं.
मी दमले आहे, हे वेगळं.
सगळे वैतागले, दोन कशाला?
मी वहीत मान घालून बसले.
मला दोनाची सवय होती.
त्यातलं कायमचं कुठलं,
एवढंच कधी कुणी विचारलं नव्हतं.

मे गुस्ता. मला आवडतं.
इंग्रजीसारखं आधी मी होऊन
छाती काढून उभं राहायचं नाही.
केळं आवडतं,
आपण नुसतं मला होऊन बाजूला.
हे मात्र न शिकता आलं.
आणि मी म्हणजे माझं.
मी कासा, माझं घर.
दोन दिवस मला वाटत होतं,
मीच घर.

मग कुटुंबाचा धडा.
माद्रे, पाद्रे, एर्मानो.
मुलगा म्हणजे इहो, पुन्हा तो मुका ह.
सर थांबले. खडू कपाळाला टेकवला,
पांढरा ठिपका तसाच राहिला.
म्हणाले, तिकडं केळीच्या बुंध्याशी
जे पील फुटतं ना,
त्यालाही इहोच म्हणतात.
घड उतरला की आईला तोडायचं,
इहो ठेवायचा.
एवढं बोलून ते पान उलटायला लागले.
मी मुबारककडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे.
वर्गात आम्हा दोघांच्याच कपड्यांवर
केळीच्या चिकाचे डाग,
जे कुठल्याच साबणाला ऐकत नाहीत.

रात्री आबांचा फोन.
काय शिकनी आज?
चाचणी, हजेरी, मेसची डाळ,
सगळं शुद्ध भाषेत सांगून झालं.
मग म्हणाले,
आबा, पीलले तठे इहो म्हंतस.
इहो म्हंजे पोर.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मंग कितला ठेवतस?
एकच.
बराबर शे, आबा म्हणाले.

या आठवड्यात रात्रीची लाइट, दहाला येते.
ती आली. आबा मोटार सुरू करायला गेले,
फोन खिशात तसाच चालू.
मोटारीची घरघर,
फिल्टरची फुसफुस,
मग चपलेखाली चिखल, चपक, चपक.

ओला, मी म्हणाले.
तिकडून कुणी काही म्हणालं नाही.