पाचव्या घंटेची जागा

एस.टी. तळ्याच्या वळणावर थांबते तेव्हा
पाचला वीस कमी असतात,
आणि मनोऱ्यावरचं घड्याळ दाखवतं सव्वाअकरा.
'तेका इचारू नको,' कंडक्टर म्हणतो,
'घंटा मात्र येळार वाजतत.'

जांभ्याचा मनोरा. शेजारच्या माडाहून
जेमतेम हातभर उंच.
पायथ्याशी चपलांचं दुकान, माथ्यावर पारवे,
मधल्या कमानींत घंटा,
कुठल्याशा फुटक्या गलबतातून आलेल्या, एक जण सांगतो.
दुसरा म्हणतो, छे, लढाईत मिळालेल्या.
तिसरा उकड्या तांदळाचं पोतं उतरवत म्हणतो,
'आमी जल्मापासून बघताव. खंयसूनय येवंदेत.'

हे आईचं माहेर.
माहेरचं आता कुणी नाही,
घराच्या जागी दाताचा दवाखाना आहे.
माझ्याजवळ पाण्याची बाटली, परतीचं तिकीट,
आणि आईची एक चाल,
भाकऱ्या थापताना ती गुणगुणायची ती.
चार सूर. मग काहीच नाही.
मग तीन सूर.

त्या काहीच-नाहीत ती भाकरी उलटायची.
मला वाटायचं, तव्यामुळे थांबते.
पुढे वाटलं, विसरली असेल.
शेवटी शेवटी, पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर,
पलंगाला खिळलेली,
तवा नाही, पीठ नाही,
तरी तिथेच थांबायची. मनगट किंचित वळायचं.
आणि मी, शहाणी,
तीन वर्षं पेटीच्या क्लासला गेलेली,
तो गाळलेला सूर भरून द्यायची.
ती माझ्याकडे बघायची
भातात खडा लागल्यासारखी.

रुझार लोबो दहा रुपये घेतो, पावती देत नाही.
कानात कापूस, अर्धी चड्डी,
एकेका पायरीवर गुडघ्याशी काहीतरी बोलत
मला वर नेतो.
वरून तळं दिसतं, शेवाळी, निवांत,
काठावर 'येथे कपडे धुऊ नयेत' अशी पाटी,
आणि पाटीवर वाळत घातलेला टॉवेल.

पाच.
पहिली. दुसरी. तिसरी. चौथी.
रुझारचा हात पाचव्या दोराकडे जातो.
तिथे दोर नाही.
हात हवेलाच धरतो, खाली ओढतो,
तेवढाच वेळ, तेवढ्याच जोराने,
आणि मग सहावी, सातवी, आठवी.

मी कठड्याला धरून उभी.
पायांखालचा दगड अजून गुणगुणतोय.

'माझ्या बापाशीच्या येळार पडली ती,' रुझार सांगतो,
'वादळ इल्ला. तळ्यात गेली का भंगारात,
सांगूक येना नाय.'
म्हणजे आई जन्मायच्या आधीच.
म्हणजे ती काही विसरली नव्हती.
तिला चाल अशीच मिळाली होती, भोकासकट,
आणि तिने ती जशीच्या तशी
घाट चढवून वर नेली, एक थेंब न सांडता.
सांडलं ते मी. नको तिथे ओतून.

कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी आहे.
'नवी,' तो म्हणतो, 'कोल्हापुरसून इल्ली. लोकवर्गणी.
फुडल्या म्हयन्यात चढवतले. मगे पुरी चाल.'
घरात लग्न ठरल्यासारखं सांगतो.
गोणपाट बाजूला करतो, बोटाच्या पेराने
एकदाच ठोकतो.

तोच सूर.
मी भरायचे तो. अगदी तोच.
इतकी वर्षं माझं बरोबर होतं,
आणि त्या बरोबरचं काय करायचं ते कळत नाही.
मी म्हणते, छान आहे.
तो पुन्हा पांघरूण घालतो,
कडा नीट आत खोचतो.

गाडी सव्वासहाची.
तळ्याच्या बांधावर बसते, ओल्या दगडावर,
चहावाल्याकडे सुटे नाहीत, तो राहू दे म्हणतो.
सहाला पुन्हा सुरू होतं.
एक. दोन. तीन. चार.
सायकलवरून चाललेली एक मुलगी
पायडल मारायची थांबते, सायकल नुसतीच घरंगळत राहते.
माझा हात गुडघ्यावरून उठतो,
काहीतरी उलटतो,
परत ठेवतो.