वाचनीय

गायधनी सरांनी कोरा कागद पुढ्यात ठेवला:
"वार्षिक अहवालात एक पान रिकामं राहतंय.
यंदाच्या नव्यांतली वाचनीय दहा लिहून द्या.
कविता, कादंबरी, आत्मचरित्र, आणि ते,
काय म्हणतात, आयुष्य सुधारायचं.
सगळं यायला हवं."

सर, मी पुस्तकं कमीच वाचते.
परत आलेली पुस्तकं वाचते.

संध्याकाळी पाच ते साडेआठ,
रविवार कारंजाकडच्या खिडकीशी बसून
एकेक झटकून घेते.
सिटी बसचं तिकीट पडतं,
द्राक्षपेटीतल्या कागदाचा कपटा,
एकदा तर सोनाराची पावती, गहाण पाटल्यांची.
ती पाकिटात घालून पंचवटीत घरी नेऊन दिली.
पुस्तक कोणतं होतं, ते विचारू नका.

आयुष्य सुधारायचं एक आहे.
पान बावीस: पहाटे चारला उठा.
समासात पेन्सिलीने, बारीक अक्षर:
'तिसरी पाळी सातला सुटते. मग कसं?'
सभासद नऊशे चौदा, सानप,
अंबडला पत्रा दाबायच्या मशीनवर.
पुढच्या पानावर: 'बघू.'
पान साठ, आरशात बघून स्वतःशी बोला:
'बोललो. आई हसली.'
तीनदा मुदत वाढवून घेतली त्याने.
लेखकाचं एक वाक्य मला आठवत नाही,
सानपचं सगळं पाठ आहे.
हे दहात घालू का?

आत्मचरित्र एका निवृत्त नर्सचं.
जाडजूड, छपाई फिकट, शुद्धलेखनाचा आनंद.
धात्रकबाईंनी परत करताना
एकशे एकेचाळीसावं पान उघडून दाखवलं:
चौथ्या खाटेवरचा माणूस,
चहात जायफळ मागायचा, रात्री दोन वाजतासुद्धा.
"नाव बदललंय," म्हणाल्या, "पण हा आमचा."
दीड ओळ होती, सर.
वाचनकक्षाचे दिवे मालवेपर्यंत बसल्या तिथेच.
मी परत आल्याचा शिक्का मारलाच नाही.
ते पुस्तक अजून त्यांच्याकडे आहे,
दंड माझ्या नावावर टाका.

कादंबरी खूप फिरते.
शेवटचा फर्मा बांधणीतच राहून गेलाय,
सोळा पानं नाहीत.
लोक येऊन विचारतात, पुढे काय झालं?
कॉलेजरोडच्या मुलीला सांगितलं, ती परत येते.
नोटांच्या छापखान्यातून रिटायर झालेल्या पिंगळ्यांना म्हटलं,
नाही येत.
परवा दोघं जिन्यात गाठ पडून भांडत होते,
मी काऊंटरखाली वाकून पिना शोधत राहिले.
खरा शेवट मलाही माहीत नाही.
प्रकाशकाला पत्र टाकायचं आहे. टाकेन.

कवितेच्या पुस्तकावर शिक्का एकच,
सभासद क्रमांक माझा.
त्यात एक बाई कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकते
आणि पुन्हा मोजत नाही.
बस, एवढंच.
त्या दिवशी मी घाटावरून, लांबच्या वाटेने घरी गेले.
भाजीवाल्याकडे सुटे पैसे विसरले.
यात वाचनीय काय, ते अहवालात कसं लिहू?

साडेआठला कुलूप हातात घेतलं
तेवढ्यात सानप आला, डबा काखेत.
"पाळी बदलली, मॅडम. दुसरी लागली.
आता उठता येईल चारला,
पण झोप येते हो.
दुसरं काही आहे?"

मी ते कवितेचं काढून दिलं.
त्याने मधूनच उघडलं,
चार ओळींखालची पांढरी जागा बघितली,
मग माझ्याकडे.
"पुढचं छापायचं राहिलंय का?"

नाही, म्हटलं. समास मोठे आहेत.

खिशात पेन्सिल आहे का, त्याने चाचपून बघितलं.
मी तारीख टाकली.
सर, कागद अजून कोराच आहे,
त्याच्यावर ठेवून शिक्का मारला म्हणून
कोपऱ्यात जरा शाई लागली आहे.