पाचव्या दिवसाचं पाणी

विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो,
म्हणून आमच्याकडे पाणी एकदाच मरत नाही.
तांदळाचं कढीपत्त्याला,
कपड्यांचं फरशीला,
आणि फरशीचं?
नरसम्मा म्हणते, थांब, ओतू नको.

चादरीचंही तेच.
मागावर माझा धागा चुकला,
मोराचा डोळाच राहिला,
मालकाने ती माझ्याच गळ्यात मारली.
आधी पांघरली, मग गादीखाली गेली,
आता मे महिन्यात ओली होऊन खिडकीत.
बेचाळीस अंशांचा वारा
आंधळ्या मोरातून गाळून आत येतो.

काल पोरानं विचारलं, कूलर कधी?
तिनं विड्यांचं सूप बाजूला सारलं,
चादरीवर तांब्या रिकामा केला.
खाली कढीपत्त्याची कुंडी
आधीच सरकवून ठेवलेली.