कामकाजातून वगळलेलं

येमूल वकिलांचा मी कारकून, एकवीस वर्षं.
फीच्या वहीत माझ्या अक्षरात अजून आहे:
चन्नव्वा, विडी कामगार, उधार.
गाजूल, साचेवाला, दोन टॉवेल, एक चादर.
चादरी इतक्या साठल्या की भर मे महिन्यात
अशील दारातच घाम पुसत थांबायचे.

घरची भाषा तेलुगू. मराठीत लिंग चुकायचं.
‘कोर्ट आली, साक्ष संपला’ म्हणायचे,
समोरचा वकील हसायचा
निकाल लागेपर्यंत.
बाप गिरणीत, आई मागावर;
धोट्याच्या खडखडाटावरून बोलायची सवय.
उलटतपासणीला उभे राहिले की
बाहेर लिंबाखालची माणसं चहा खाली ठेवायची.

मग निवडणूक, दिल्ली,
आणि एक दिवस ती उंच खुर्ची.
टीव्हीवर बघायचो. ओठ मिटलेले.
‘बैठिए. बैठ जाइए.’ बस, एवढंच.
गाजूल म्हणाला, कडक भाकरी मोडत,
‘आपण बोलायला पाठवला रे ह्याला.
हा तर दुसऱ्यांना बसवतोय.’
मी त्याला नियम समजावला.
त्याने चटणीवर तेल घेतलं.

बंद गिरण्यांच्या थकबाकीची दुरुस्ती आली.
मतं बरोबरीत अडली.
अशा वेळी खुर्चीला एक मत असतं,
आणि प्रथा अशी की आहे ते राहू द्यावं.
आहे ते म्हणजे आमच्याकडे टाळं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, प्रथा पाळली.
साखर पेठेत त्या रात्री टीव्ही कुणी बंद केला नाही.
नुसता आवाज कमी केला.

आता परत आलेत. पाणी पाचव्या दिवशी येतं.
नळावर कळशांची भांडणं पेटली तर
गॅलरीतून हात वर जातो, ‘एकेक करून, एकेक करून.’
बायका आधी हसल्या,
नंतर खरंच एकेक करून भांडू लागल्या.

परवा दुपारी माझ्या ओट्यावर टेकले.
आधी तेलुगूत काही पुटपुटले, मग म्हणाले,
‘भीमाशा, मत खुर्चीचं होतं.’
बराच वेळ समोरच्या भिंतीवरची सरड्याची मान
वरखाली होत राहिली.
‘तोंड मात्र माझी होती.’
लगेच तळहात उचलला, जुन्या सवयीने:
‘हे कामकाजातून काढून टाका.’

हो म्हणालो.
ते गेल्यावर वही उघडली.
गाजूलच्या चादरीखाली दोन ओळींची जागा होती.
लिहून घेतलं, तारखेसकट,
चुकलेल्या लिंगासकट.